दीड तासाचं तिकीट

मी विमानाचं तिकीट बोलतोय. वापरून झालेलं, म्हणजे कुणाच्याच कामाचं नसलेलं. तरी चार वर्षं मी बायनाबाईच्या टिनाच्या पेटीत, तिच्या लग्नातल्या लुगड्याच्या घडीत मानाने राहिलो.

एक्याऐंशी साली दिल्लीच्या एका कचेरीत बाबूने बॉलपेन दाबून मला लिहिलं. तिचा थोरला, श्रीहरी, गडचिरोलीपल्याडच्या कोसमटोल्यातला पहिला शिकलेला माणूस, पहिल्यांदाच विमानाने घरी निघाला होता. साडेआठशे किलोमीटर! हातातला चहा संपतो न संपतो तोच नागपूर आलं. तो फुगला, मीही फुगलो.

पुढचंही मी त्याच्या खिशातून पाहिलं. नागपूरला एसटी चुकली. गडचिरोलीला मुक्काम पडला. दुसऱ्या दिवशी जंगलात जाणारी एकुलती एक गाडी नाल्याशी सोडून गेली, तिथून सात मैल पायी. घरी पोचेस्तोवर दिवस मावळला होता.

घरी मात्र त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. आईचा जीव कशाला जाळायचा? मला तिच्या हातावर ठेवून म्हणाला, "माय, दिल्ली आता दूर नाई. दीड तास. तू आवाज दे, मी आलोच समज."

बायनाबाईला वाचता येत नव्हतं. पण येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवून ती सांगायची, "दीड तास!" लोक माना डोलवायचे. मला खरं ठाऊक होतं, पण कागदाला तोंड नसतं.

पंच्याऐंशीच्या कार्तिकात तिला हिवतापाने धरलं आणि ताप डोक्यात चढला. धाकटा लहानू पहाटेच सायकलने तालुक्याला जाऊन तार करून आला. शेजारच्या वारलूने बंडीत तणस अंथरून बैल जुंपले. लेक सत्यशीला म्हणाली, "माय, चाल. गडचिरोलीच्या दवाखान्यात जाऊ."

"तार गेली ना?"

"गेली."

"मंग आता येतेच श्रीहरी. मी गेली आन् तो आला, त बंद दार दिसन त्याले." तिने मला पेटीतून काढायला लावलं आणि मुठीत धरलं.

"राहू द्या, सत्यशीलाबाई," वारलू म्हणाला. "दीड तासाची त गोष्ट हाये. बैल उभेच हायेत."

सारे थांबले. तो आल्यावर सोबतच जाऊ, असं ठरलं. दुपार टळली. संध्याकाळी वारलूने बैल सोडले. सकाळी पुन्हा जुंपले तेव्हा ती कुणाला ओळखत नव्हती. बंडी नाल्यापर्यंत गेली आणि तिथूनच परत फिरली.

श्रीहरी चौथ्या दिवशी आला. विमानाला दीड तासच लागला होता. पण तार मिळायला दोन दिवस गेले, आणि नागपूरपासूनचा रस्ता तोच जुना. तोवर मातीही झाली होती. सत्यशीलेने मला त्याच्या हातात दिलं. "भाऊ, मायच्या मुठीतून सोडवून घेतलं हे. तुह्या दीड तासाची वाट पाहूनच गेली ते."

"नागपूरपासूनचं मी तिले सांगितलंच नाई वं," तो म्हणाला आणि त्याने मला आपल्या पाकिटात ठेवलं.

आता मी दिल्लीत, त्याच्या पाकिटात असतो. माझ्या कडा झिजल्यात, त्याचं नावही पुसट झालंय. मला वाईट वाटतं, फार वाटतं. तुम्ही दूरदेशी गेलात, तर घरी पुरता रस्ता सांगत जा, एसटीचा, नाल्याचा, पायवाटेचाही. तिकडे कुणीतरी तुमच्या शब्दावर जुंपलेले बैल थांबवून ठेवतं.