खुर्चीतून आला, चालत गेला

मी सोटा बोलतोय. बोलतोय म्हणजे काय, बोलायला लावलंय. चांगला दारामागं, छत्र्यांच्या शेजारी गप उभा होतो. तिथून ओढून काढला, सोफ्याला टेकवला आणि समोर ही पोरगी पेन्सिल घेऊन बसली. मैत्री हिचं नाव. शनिवारच्या मराठी शाळेत बाईंनी सांगितलंय म्हणे, घरातल्या एखाद्या वस्तूचं आत्मवृत्त लिहून आणा. घरात भांडी धुण्याचं मशीन आहे, दिवसभर घुरघुरत असतं, त्याला विचार की. नाही. म्हाताऱ्यालाच छळायचं.

"आल्झो, तू कुठे जन्मलास?" मैत्री विचारते. पोरगी इथली, जर्मनीतल्या रेगेन्सबर्गची. मराठी बोलायला तोंड उघडते आणि पहिला शब्द जर्मन पडतो.

लिही. मधे मधे थांबवू नको. आणि मला गोड करून लिहू नको.

जुन्नरच्या पश्चिमेला डोंगराच्या उतारावर एक तिवसाचं झाड होतं. वादळात त्याची एक फांदी मोडून पडली, ती मी. तिवसाचं लाकूड कडक, वाकायचं नाव घेत नाही. तुझ्या आजोबानं, जगदीशनं, मला उचललं, सोलून साफ केलं, तेल पाजलं. तो एसटीचा ड्रायव्हर. सगळी नोकरी घाटात गेली. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मागं बसलेले पॅसेंजर डोंगर बघायचे आणि ह्याला मान वर करायची सोय नव्हती. रिटायर झाला तसा पुढच्याच रविवारी डोंगरात शिरला. माझ्या बुडाला लोहाराकडून लोखंडी शेंबी बसवून घेतली, म्हणजे दगडावर झिजायला नको.

तुझी आजी गयाबाई म्हणाली, "नोकरीत घाट, आता सुट्टीतबी घाट. घरात काटे पेरलेत का मी?"

त्यानं माझ्यावर कधी भार टाकला नाही. चढताना मी त्याच्या खांद्यावर, उतरताना हातात. आधाराला नव्हतो मी, सोबतीला होतो. शिवनेरी झाला, चावंड झाला, हरिश्चंद्रगड झाला. लेण्यांत गेला की मला स्तूपाजवळ भिंतीला टेकवायचा आणि हात जोडून बसायचा. मी तिथं किती वेळ उभा असायचो ते मी मोजलं नाही. मोजावंसं वाटलं नाही.

"उंड डान?" म्हणजे मग काय, असं विचारतेय पोरगी. सांगतोय ना.

मग तुझ्या बापानं बोलावणं धाडलं. अश्वजित इथं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनीअर. फोनवर म्हणाला, "बाबा, तीन महिन्यांचा व्हिसा काढतो. बर्फाच्या डोंगरावर नेतो तुम्हाला." गयाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "बर्फ बघायला फ्रीज हाये घरात. मी नाय येत." म्हणून जगदीश एकटाच निघाला. एकटा म्हणजे माझ्याबरोबर.

आता आपल्या लोकांची एक पद्धत आहे. म्हातारं माणूस परदेशी एकटं निघालं, इंग्रजी येत नसलं, की पोरं विमानतळावर त्याच्यासाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवतात. पाय धडधाकट असले तरी. खुर्ची ढकलणारा पोरगा बरोबर दाराशी नेऊन पोचवतो, चुकायची भानगड नाही. जगदीशला हे मुंबईत कळलं.

"अरं, मी काय लंगडा हाये?"

"बाबा, फक्त वाट चुकू नये म्हणून. बसा ना. सगळेच बसतात," अश्वजित फोनवर म्हणाला.

बसला. तपासणीच्या ठिकाणी साहेबानं मला हातात घेऊन वाकडं तोंड केलं, मग खुर्चीकडं पाहिलं आणि मला परत मांडीवर ठेवलं. खुर्चीमुळं मी विमानात चढलो एवढं मी मान्य करतो. बाकी त्या खुर्चीचं काही मान्य करणार नाही.

कारण म्युनिकला दार उघडलं आणि समोर अश्वजित उभा होता. आपला बाप कानटोपी घालून, शाल पांघरून, मांडीवर सोटा धरून चाकांवरून येतोय, हे त्यानं बघितलं. पोराचा चेहरा पडला. खुर्ची ह्यानंच सांगितलेली. बापाला दुखणं नाही, खुपणं नाही, आणि खुर्चीत बाप बघून हाच घाबरला. जगदीश टुणकन उठून उभा राहिला तरी अश्वजितच्या डोळ्यांतून ती खुर्ची गेली नाही. तीन महिने गेली नाही.

"बाबा, सावकाश." "बाबा, जिना नको, लिफ्ट घ्या." न्हाणीत रबराची चटई आली. शहराबाहेरच्या टेकडीवरून हवा स्वच्छ असली की लांबवर एक पांढरा उंचवटा दिसायचा. जगदीशनं विचारलं, "त्यो कोणता?"

"ग्रोसर आर्बर. इकडचा सगळ्यात उंच."

"कधी जायचं?"

"बघू. हवा बघून ठरवू."

दर शनिवारी सकाळी जगदीश बूट घालून, मला हातात घेऊन सोफ्यावर बसायचा. अश्वजित फोनमधली हवा बघायचा. कधी वारा जास्त, कधी धुकं, कधी दुपारनंतर बर्फ. तुझी आई, धम्मदीपा, एकदा म्हणाली, "अश्वजित, अरे आज ऊन आहे. ने ना बाबांना." तर हा म्हणतो, "वर काय असेल सांगता येत नाही. पडले बिडले तर?" हे हळूच बोलला, पण जगदीशनं ऐकलं. त्या दिवशी त्यानं बूट काढले, रॅकवर ठेवले आणि नंतर कधी विचारलं नाही.

व्हिसा संपला. परतीला पुन्हा खुर्ची सांगून ठेवलेली. म्युनिकच्या काउंटरवर जगदीश म्हणाला, "मला नको. मी चालत जाणार."

"बाबा, खुर्ची नसेल तर सोटा आत नेऊ देणार नाहीत. बॅगेत मावत नाही. सामानात टाकायला आता वेळही नाही."

जगदीशनं एकदा माझ्याकडं पाहिलं. एकदा त्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. मग मला अश्वजितच्या हातात दिलं. "धर," म्हणाला. एवढंच. आणि पाठ ताठ करून चालत गेला. मागं वळून ना पोराकडं बघितलं ना माझ्याकडं.

तुझी पेन्सिल का थांबली? लिही.

त्यानंतर फोनवर तो धम्मदीपाशी बोलायचा, तुझ्याशी तर तासभर. अश्वजित पुढं येऊन "जय भीम, बाबा" म्हणाला की फोन गयाबाईच्या हातात. "घे, तुझ्या पोराचा हाय." जय भीमला उत्तर नाही. जगदीशनं कधी कुणाचा जय भीम असा परत धाडलेला मी बघितला नव्हता. अश्वजित गयाबाईशी भाजीपाल्याचं बोलायचा आणि फोन ठेवून माझ्याकडं बघत बसायचा. मी काय करणार? मीपण त्याच्यासारखाच, धर म्हणून दिलेला.

मग एका शनिवारी पहाटे त्यानं मला उचललं. धम्मदीपा म्हणाली, "दुपारनंतर हवा बिघडणार आहे. आणि एकटा?"

"बाबांना वरून फोन करतो. बर्फ बघितला की बोलतील."

"आणि नाही बोलले तर?"

त्यानं बुटाची नाडी बांधली.

गाडी बदलून बदलून आर्बरच्या पायथ्याला, बोडेनमाइसला उतरलो. तिथून जंगलातून वाट. अर्धा गोठलेला धबधबा, वर सुरूसारखी काळी झाडं, त्यांच्यावर बर्फ. सुरुवातीला ऊन होतं. अश्वजित मला धरायला शिकलेला नाही. प्रत्येक पावलाला खुपसतो, जसं काही मला जमिनीचा राग आहे. मला सारखा दुसरा हात आठवत होता. बर्फात शेंबी कर्र वाजायची आणि वाटायचं, हा आवाज त्यानं ऐकायला हवा होता. आयुष्यभर दगडावरचा आवाज ऐकला आम्ही दोघांनी. हा नवा होता, आणि ऐकायला मी एकटा.

धाकटा आर्बर म्हणून अलीकडचा डोंगर आहे, तो ओलांडला आणि हवा फिरली. आधी वारा आला, त्याच्यामागं धुकं. वाटेच्या खुणा दिसेनाशा झाल्या. त्या माथ्यावरची झाडं बर्फानं अशी लिंपलेली की माणसंच वाटतात, पाठीला पोक काढून उभी. अश्वजितनं एका झाडाला "हालो" म्हटलं. झाड कसलं बोलतंय. त्याच्या जवळ गेला आणि कमरेपर्यंत आत.

झाडाच्या बुडाशी पोकळी होती, वरून बर्फानं झाकलेली. धडपडला, आणखी खाली गेला. मग मला आडवा टाकला त्या भोकावर आणि माझ्यावर छाती टाकून वर सरकला. तिवस वाकत नाही, सांगितलं ना. पण अंगात एक चीर गेली. हे बघ, इथं. बोट लाव.

वर येऊन तो बसून राहिला. दाढीत बर्फ. "बाबा असते तर काय केलं असतं?" असं मोठ्यानं म्हणाला. बाबा असता तर तुला दोन शिव्या देऊन वर नेलं असतं, किंवा खाली. मला तरी काय ठाऊक. मलाच तो हवा होता तेव्हा.

तो परत फिरायला उठला, आणि धुक्यातून पोरांच्या हसण्याचा आवाज आला. असल्या जागी पोरं? तो आवाजाच्या दिशेनं निघाला, आता मला पुढं टोचत टोचत. चढ संपला. धुकं जरा फाटलं आणि समोर एक भला मोठा पांढरा घुमट. अश्वजितचे हात आपोआप जोडले गेले, मी त्यांच्यामधे चिमटलो. मग धुकं आणखी सरकलं. शेजारी तसलाच दुसरा घुमट, तारेचं कुंपण, लष्कराची पाटी. रडार होतं.

आणि पोरं कुठून आली तेही दिसलं. डोंगराच्या दुसऱ्या अंगानं रोपवे आहे. जीन्स घातलेली माणसं, सॉसेज खाणारी पोरं. एक बाई आपल्या म्हाताऱ्या बापाला चाकाच्या खुर्चीतून ढकलत होती. म्हाताऱ्यानं मांडीवरच्या घोंगडीवर मूठभर बर्फ घेतला होता आणि नुसता त्याच्याकडं बघत होता.

अश्वजित थिजला. ह्यानं महिनोन् महिने हवा बघितली, रोपवे बघितला नाही.

मग फोन लावला. गयाबाईचा चेहरा आला. "अरं, तू हाये कुठं? मागं सगळं पांढरं. फ्रीजात बसलायस का काय?"

"आई, डोंगरावर आहे. बाबांना बघू दे ना."

मागून जगदीशचा आवाज आला, "तूच बघ." तरी फोन थोडा तिकडं वळला. खाटेवर बसलेला दिसला. जरा वाळलाय. मला वाटलं आता माझ्याकडं बघेल. अश्वजितनं फोन फिरवून धुकं दाखवलं, झाडं दाखवली. जगदीश भिंतीकडं बघत होता. मग फोन फिरता फिरता त्या घुमटावर आला आणि जगदीश एकदम पुढं सरकला.

"थांब, थांब. मागं घे. स्तूप हाये का रं त्यो?"

महिन्याभरात पोराशी बोललेला पहिला शब्द.

अश्वजित हो म्हणून मोकळा झाला असता. पण म्हणाला, "नाही बाबा. रडार आहे, लष्कराचं. मीपण आत्ता हात जोडले त्याला."

जगदीश हसायला लागला. खोकला लागेपर्यंत हसला. "इंजिनीअर झाला आणि रडारला हात जोडतो." अश्वजितपण हसला आणि हसता हसता त्याचा आवाज फुटला. "बाबा, इथं रोपवे आहे. तुम्हाला आणता आलं असतं. माझं चुकलं. तुम्हाला खुर्चीत बघितलं आणि मी घाबरलो."

जगदीशनं गयाबाईच्या हातातला फोन आपल्या हातात घेतला.

"रोपवेतनं कोण आलं असतं," जगदीश म्हणाला. "चालत आलो असतो. तुझ्या केसात काय हाये, बर्फ? पडलायस का कुठं?"

"थोडा. आता चालतच उतरतो."

"नाय. हवा बघ कशी झालीय. गप त्या रोपवेत बस."

"बाबा, मला येतं उतरता."

"सांगितलं ना? बस त्याच्यात. माझ्या जिवाला घोर नको." आणि मग, "जय भीम."

"जय भीम, बाबा."

वारा वाढल्यामुळं रोपवे बंद करायला आलेच होते. शेवटच्या एका पेटीत आम्ही बसलो. अश्वजित फोन मुठीत घेऊन बसला होता, लहान पोरासारखा. मी त्याच्या मांडीवर आडवा. खाली ती पोक काढलेली झाडं मागं मागं जात होती.

चांगलं झालं, बापलेकांचं जुळलं. आता दर रविवारी बोलतात, पुढच्या थंडीत कसं यायचं त्याचं. पण माझं काय? त्या फोनमधे मी होतो. अश्वजितच्या बगलेत, शेंबीसकट, पूर्ण दिसत होतो. पोराच्या केसांतला बर्फ दिसला त्याला. मी नाही दिसलो. आणि मला मात्र दिसलं, त्याच्या खाटेच्या उशाशी दांडीला लटकवलेलं नवं दांडकं. घडी घालायचं, अॅल्युमिनियमचं, चकचकीत. ते म्हणे बॅगेत मावतं.

मावू दे. जगदीशला विचार, त्या दांडक्यावर कधी छाती टाकून वर येता येईल का. आणि हेही विचार, अजून चढताना खांद्यावर टाकतोस का, का आता भार द्यायला लागलास. हे आधी विचार.

तू हे रविवारी फोनवर आजोबांना वाचून दाखवणार आहेस म्हणालीस ना? मग शेवट मी सांगतो तसाच लिही. मला परत न्यायचं तर ने, नाहीतर इथं ये, चालत ये, खुर्चीतून ये, मला त्याचं काही नाही. पण नुसतं "धर" म्हणून दिला, वळून पाहिलं नाही, त्याबद्दल एक माणूस माझी माफी मागायचा राहिलाय. पूर्ण नाव लिही, पोरी. आडनावासकट, म्हणजे माझं नव्हे म्हणायची सोय उरणार नाही.

जगदीश आत्माराम भालेराव.