गल्लीपलीकडचा उस्ता

"खुर्चीवरून उठलात तर बघा," इन्शिराह गॅरेजच्या दारातून नवऱ्याला म्हणाली.

"उठतोय कुठं? पाय मोकळे करतोय," म्हणत उस्ता लबीब निमूट बसला.

खुर्ची माझ्या इस्त्रीच्या दुकानासमोर आणि त्याचं गॅरेज गल्लीच्या पलीकडे. डॉक्टरांनी त्याच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं आणि बजावलं की चालू इंजिनाच्या ठिणगीजवळ फिरकायचं नाही. सांगायला काय जातं! या माणसाने जन्मभर प्लगची वायर उपसून बोटाजवळ धरली आणि झटका कसा बसतो त्यावरून गाडीचं दुखणं सांगितलं. आमच्या तंता शहरात कसबी कारागिरालाच उस्ता म्हणतात, आणि ते काही उगाच नाही.

दवाखान्यातून आल्यावर शटर बंद राहिलं. लबीब जेवेना, बोलेना, माझ्याशी भांडेनासुद्धा. तेव्हा मात्र मी घाबरलो. शेवटी इन्शिराहनेच शटर उघडलं, एका अटीवर: त्याने इथून सांगायचं, हात गाडीवाल्याने लावायचा.

आजचा पहिलाच गाडीवाला म्हणजे बयूमी. त्याची म्हातारी टॅक्सी गरम झाली की धापा टाकून बंद पडायची. त्याने दोनदा प्लग बदलले होते, तेही कॉफीखान्यातल्या शहाण्यांच्या सल्ल्याने.

"एक वायर काढ, तिला सुटा प्लग लाव, तो इंजिनाच्या लोखंडाला टेकव," लबीब ओरडला. "पक्कड रबराच्या मुठीची घे रे!"

बयूमीने वायर हातानेच धरली. चावी इन्शिराहने फिरवली. बयूमी असा उडाला की टोपी गटारात गेली.

"आता मी नाही हात लावणार," तो दंड चोळत म्हणाला. "दुसरीकडे नेतो गाडी."

लबीब उठलाच. अर्धी गल्ली ओलांडली असेल. इन्शिराह आडवी आली, दोन्ही हात त्याच्या छातीवर ठेवून उभी राहिली. गल्लीत सगळ्यांदेखत तिने नवऱ्याला असं धरलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"तुम्ही गेलात तर मी काय करू?" ती हळू म्हणाली. "बसा. मला सांगा, मी करते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"डोळे आहेत ना मला?"

तो परत येऊन बसला. तिने बाह्या सारल्या, पक्कड घेतली. ऊन फार होतं, ठिणगी दिसली नसती. मी एक चादर नेऊन तिच्या डोक्यावर आणि बॉनेटवर धरली. बयूमीने चावी फिरवली.

"रंग कसा?" लबीबने विचारलं.

"पिवळट. रॉकेलच्या दिव्यासारखा."

"आवाज?"

"मेला, ऐकूच येत नाही."

"बाकीच्या तीनही वायरी बघ."

तिने एकेक वायर पाहिली. सगळीकडे तोच पिवळट जीव.

"सगळेच अशक्त, म्हणजे दोष प्लगांचा नाही," लबीब म्हणाला. आता तो खुर्चीच्या अगदी काठावर होता. "मागून करंटच कमी येतोय. कॉइलला हात लाव. तो काळा डबा गं, जाड वायरीचा. चावी बंद कर रे आधी!"

"भाजतोय."

"मग ओलं फडकं गुंडाळ त्याला."

ओलं फडकं इस्त्रीवाल्याकडे नसेल तर कुणाकडे असणार? ती गुंडाळून थांबली. डबा निवला. मग चावी फिरली आणि चादरीखाली टकटक आवाज आला.

"निळी!" तिचा आवाज एकदम पोरीसारखा झाला. "लबीब, निळी आहे हो!"

"तापली की दम सोडते. कॉइल गेली," लबीब म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू.

इन्शिराहने कपाटातून कॉइल काढली, लबीबच्या सांगण्याने वायरी जोडल्या. बराच वेळ इंजिन चालू ठेवलं, तरी गाडी एका सुरात गुरगुरत राहिली. बयूमीने ओली टोपी डोक्यावर घातली आणि कसबी हातांना आमच्याकडे देतात ती दुवा मनापासून दिली, "हात सलामत राहोत, उस्ता."

लबीबने सवयीने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग त्याला दिसलं की बयूमीचं तोंड गॅरेजकडे आहे.

इन्शिराह पक्कड धरून नुसती उभी. या दुवेला उलट काय म्हणायचं असतं, याची तिला कधी गरजच पडली नव्हती. लबीबने मान खाली घातली. मग गल्लीच्या या बाजूने तिला हळूच सांगितलं,

"म्हण, तुझेही."