डॅशबोर्डवरचं साखरेचं फूल

मी बोलतोय तो या जुन्या डिझेल गाडीच्या डॅशबोर्डमधून. इकडेतिकडे बघू नका. रेडिओच्या खाली नखाएवढी जाळी दिसतेय ना, ती माझी. मी गाडीचं नाक. आतली हवा हुंगायची आणि उकडतंय की थंडी वाजतेय ते कळवायचं, एवढंच माझं काम. मग आतली झडप हलते आणि गार नाहीतर गरम हवा सुटते. गार-गरमचा आकडा बदलायचं बटण कधीच मोडून अडकलंय, त्यामुळे सगळा भरवसा माझ्यावर. श्रेय मात्र एसीला!

कारखान्यात मला हवा ओढायला एक इवलासा पंखा दिला होता. तरुणपणी तो मुकाट फिरायचा. वय झालं तसा बारीक शिट्टी वाजवायला लागला. आता म्हातारपणी कुणाचं काय वाजेल, सांगता येतं का?

माझी मालकीण केक करते, मालक ते पोचवतो. तिला माझी शिट्टी सहन होईना. एकदा तिने डब्यातून केक सजवायच्या मळलेल्या साखरेचा उरलेला गुलाबी गोळा काढला. हाताची सवय ती. नुसता गोळा चिकटवणं जमेना, म्हणून त्याचं छान फूल केलं आणि बसवलं थेट माझ्या नाकावर. शिट्टी बंद! श्वासही बंद!

गाडीतलं काही कळेना. माझ्या पाठीशी हवेची नळी, तेवढीच जाणवायची. ती गारठली की मी कळवायचो, "थंडी!" लगेच गरम वाफा. ती तापली की, "उकडतंय!" खरं सांगू? मजा यायची. मालक घामाघूम होऊन शर्टाचं बटण काढायचा, तेवढ्यात मी त्याला कुडकुडवायचो.

मिस्त्रीने गॅस भरला, पट्टा बदलला, फिल्टर झटकला. फरक शून्य. शेवटी त्याची नजर माझ्यावर गेली. म्हटलं, सुटलो!

"साहेब, हे फूल काढून बघू?"

"खबरदार! बायकोनं लावलंय ते. स्वतःहून, माझ्यासाठी." मालक लाजला हो, चक्क लाजला. मिस्त्रीने हात मागे घेतला. अशा माणसाला काय म्हणावं!

पण परवा माझी सगळी मजा उतरली. लग्नाचा तीन मजली केक होता, मालकिणीची पहिली मोठी ऑर्डर. हा नीट पोचला, तर हॉलवाला पुढचे सगळे केक तिच्याकडूनच घेणार होता. वरचा मजला तिच्या मांडीवर. बाहेर रणरणतं ऊन, रस्ता खोदलेला, धुळीमुळे काच उघडायची सोय नाही. आणि नेमकी माझी पाठ गारठली. जे जाणवतं तेच मी कळवणार! गरम हवेचा लोट थेट केकवर.

"अहो, वितळतंय! बंद करा ते!"

"अगं, बंद केलं तर गार हवाही येणार नाही!"

क्रीम घसरलं आणि शेंड्यावरचं फूल घरंगळून तिच्या चपलेखाली गेलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या नाकावरचं फूल खुडलं.

"अगं, ते नको! ते तू प्रेमानं लावलंस ना..."

"प्रेमानं? अहो, ते भोक शिट्टी मारायचं, म्हणून बुजवलं होतं!"

 मालक समोर बघत गाडी चालवत राहिला. त्याचा पडलेला चेहरा बघून मलाही वाईट वाटलं. पण मी आधी पोटभर श्वास घेतला आणि कळवलं, "मेलो उकडून!" गार हवा सुटली. केक सावरला, माझ्यावरचं फूल त्याच्या शेंड्यावर चढलं. शेंड्यावरचं फूल शोभेचं आहे, कुणी खाऊ नका, असं तिने चारचारदा बजावलं. हॉलवाल्याने नेमकं त्याच फुलाचं कौतुक केलं आणि पुढची ऑर्डरही दिली!

परतताना दोघंही गप्प. एकटा मीच शिट्टी वाजवत होतो.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच गाडीत येऊन बसली. हातात नवं फूल, पाकळी न् पाकळी निगुतीनं केलेली. माझं धाबं दणाणलं. बाई गं, परत नको! तिने बोटाने माझी जाळी चाचपली आणि फूल लावलं, माझ्यापासून दोन बोटं बाजूला.

मालक आला. त्याने आधी फूल पाहिलं, मग माझी उघडी जाळी. म्हणाला, "शिट्टी वाजेल गं."

"वाजू दे."

तर मंडळी, जुन्या गाडीत गरम-गारचा घोळ झाला, तर आधी आमच्या नाकाकडे बघा. आणि प्रेम खुशाल करा. फक्त दोन बोटं बाजूला!