बारा चुलींची मोजणी

माझी पत्नी मैना हिचा श्वास ज्या वर्षी जेट्टीच्या पायऱ्या चढताना तुटू लागला, त्याच वर्षी ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली आणि आमच्या गावाची गणना शहरांत झाली. मुरुडच्या एस.टी.तून आमच्या थांब्यावर उतरणाऱ्या मनुष्यास येथे शहर शोधूनही सापडणार नाही. नारळाच्या वाड्या, होड्या, दोन लॉज आणि बंदराच्या कडेस कोळंबी उकडण्याची एक लांब शेड, एवढाच आमचा पसारा. त्या शेडीत बारा चुली आहेत. बारा बायका तेथे खारट पाण्यात कोळंबी उकडतात, उन्हात वाळवतात, सोलतात, आणि तयार झालेले सोडे माणगावच्या बाजारापर्यंत जातात. मैना गेली एकवीस वर्षे सातव्या चुलीवर बसते. "धूर तरी बंद करा, नाहीतर माझे औषध तरी बंद करा," असे डॉक्टरांनी मला उद्देशून म्हटले. जणू काय ती चूल माझ्या आज्ञेत होती.

मी नगरपंचायतीच्या वाचनालयात शिपाई आहे. शिक्षण नववीत खुंटले, तथापि कपाटांच्या चाव्या माझ्यापाशी असल्यामुळे वाचन खुंटले नाही. म्हणूनच पौष महिन्यात रचना मॅडम जेव्हा वाचनालयात सभा घेण्यास आल्या, तेव्हा त्यांचे म्हणणे सर्वांत आधी मला समजले, असा माझा समज झाला.

रचना मॅडम मूळच्या पालीच्या, हल्ली मुंबईच्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या. शहरांनी आकाशात जेवढा धूर सोडावा तेवढाच आपल्या झाडांनी व चिखलाने परत शोषून घ्यावा, अधिक सोडू नये, यासाठी एक निधी स्थापन झालेला आहे असे त्यांनी सांगितले. किनाऱ्यावरील पाच लहान शहरांस त्यातून संशोधनासाठी पैसा मिळणार होता. त्यांच्या संस्थेच्या मनात एक बॉयलर होता, जो दिवसा सूर्याच्या उष्णतेवर आणि ढगाळ वेळी नारळाच्या सोडणांपासून, म्हणजे वरच्या सुक्या सालींपासून, काढलेल्या गॅसवर चालेल. कोळंबीसाठी असा बॉयलर अद्याप कोणी केलेला नव्हता. तो आमच्याच शेडीत तीन वर्षे घडवून, मोडून, पुन्हा घडवून पाहायचा होता.

"पण आधी दहा दिवस मोजणी," मॅडम म्हणाल्या. "इथे आज किती लाकूड जळतं ते अर्जात दाखवावं लागेल. बॉयलरचा आकारही त्यावरूनच ठरेल. भिकूकाका, तुम्ही लिहाल का?"

मी होय म्हटले. त्यांनी मला टांगता वजनकाटा आणि छापील कागद दिले. त्या सायंकाळी मी घरी गेलो तेव्हा मैना ओट्यावर बसून खोकत होती, आणि मी तिला म्हटले, "तीन वर्षांत तुझी चूल विझते की नाही पाहा."

"तोपरत मी विझले न्हाय म्हंजे झालं," ती म्हणाली.

आता माझ्या हातून जो प्रमाद घडला तो कसा घडला, हे सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी स्वच्छतेच्या स्पर्धेत आमच्या गावाचा तालुक्यात दुसरा क्रमांक आला होता. समिती येण्याच्या आदल्या दिवशी उघड्या गटारांवर फळ्या टाकून वर तुळशीच्या कुंड्या मांडाव्यात, ही कल्पना माझी होती आणि तिचे कौतुकही झाले होते. तपासणीस कोणी येणार म्हटले की घर सारवून, अंथरुणे आत लोटून, दारात रांगोळी घालून बसावे, हीच आमची रीत. तीच रीत मी शेडीत नेली.

"बायांनो," मी म्हणालो, "निधीची मंडळी आपल्या धुराची परीक्षा घेणार आहेत. शहरास शोभेल असे वर्तन ठेवा."

शेडीतील वडीलधाऱ्या भागुबाईंनी कमरेवर हात ठेवले. "म्हंजे काय करायचं ता सांग. पोथी नको वाचू."

"धूर कमी दिसला पाहिजे."

"मंग पाचच चुली पेटवू. बाकीची कोलंबी आपापल्या घरामागं परड्यात उकडू. हाय काय नि न्हाय काय!"

मला तो विचार अतिशय समर्पक वाटला. चुलींना चुना लागला. ओल्या झावळ्या कुंपणापलीकडे गेल्या आणि सुरूची वाळलेली लाकडे पुढे आली. मैनेस मी घरीच राहण्यास सांगितले, कारण खोकणारी बाई चुलीशी दिसणे बरे नव्हे. मी सकाळी लाकडाच्या मोळ्या काट्याला टांगत असे, सायंकाळी उरलेले तोलत असे, आणि वजाबाकीचा आकडा फोनवरून मॅडमना मोठ्या अभिमानाने कळवीत असे. आकडा दररोज उतरत होता. मी असत्य एकही अक्षर लिहिले नव्हते. शेडीत जेवढे जळले तेवढेच लिहिले होते.

आठव्या दिवशी सकाळी मॅडम न कळवता आल्या. त्यांनी चुन्याने पांढऱ्या झालेल्या चुली पाहिल्या, रांगोळी पाहिली आणि माझ्या हातातील कागद घेतला.

"भिकूकाका, रोज एवढंच लाकूड? आणि बाकीच्या सात चुली?"

"आपल्या सन्मानार्थ बंद ठेवल्या आहेत," मी म्हणालो.

त्या लाकडाच्या ओंडक्यावर बसल्या. थोडा वेळ त्यांना हसू आले की रडू, हे मला उमगले नाही. "काका, हे बक्षीस नाहीये. हा निधी संशोधनाचा आहे. जिथे जास्त धूर आहे आणि तो कमी करायची वाट सापडलेली नाही, तिथे तो जातो. तुमच्या या आकड्यांवरून दिसतंय की तुमच्या शहराला बॉयलर नकोच आहे. मी हा अर्ज पाठवला तर पहिल्याच चाळणीत जाईल."

 पातेल्यात पाणी खदखदत होते.  जी आशा मी मैनेस ओट्यावर बसून दिली होती, ती मीच आपल्या हाताने चुना लावून बुजवली होती.

भागुबाई पुढे झाल्या. "त्याच्यात काय एवढं? उद्यापासून दुप्पट जालू. किशोरीच्या वाडीतल्या सगल्या झावल्या आनू. काय गो किशोरी?"

"माजा पडका गोठा पन जाला हवं तं," शेजारच्या चुलीवरची किशोरी म्हणाली, आणि बायका हसल्या.

मॅडम हसल्या नाहीत. "ते मी लिहू शकणार नाही, भागुआजी. आणि काकांनीही लिहू नये. मी दुपारच्या गाडीने जातेय. विचार करून मला सांगा."

त्या गेल्यावर माझे चित्त एका ठिकाणी ठरेना. मी जेट्टीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, वाचनालय उघडले, एक पुस्तक काढले, त्याच पानावर तीनदा दृष्टी फिरवली, पुस्तक मिटले आणि पुन्हा जेट्टीवर गेलो. दुप्पट आकडा लिहिण्यास मला कोण अडवणार होते? काटा माझा, कागद माझा, हस्ताक्षर माझे. मैनेच्या श्वासापुढे एका वजाबाकीचे मोल ते काय? परंतु मॅडम सांगत होत्या त्याप्रमाणे बॉयलरचा आकार याच आकड्यांवरून ठरणार होता. खोट्या आकड्यावर बांधलेला बॉयलर खऱ्या कोळंबीला कसा पुरणार? तीन वर्षांनी तो बंद पडला असता आणि मैना पुन्हा सातव्या चुलीवर बसली असती. ओहोटीचे पाणी उतरून चिखल उघडा पडेपर्यंत मी तेथे येरझाऱ्या घातल्या. मग मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सात दिवसांचे आकडे खोट्या गावाचे आहेत. तसे मी लिहून देतो. आम्हांस पुन्हा दहा दिवस द्यावे."

त्यांनी दिवस मोजले. "अर्ज द्यायला बारा दिवस उरलेत. जमेल. पण काका, या वेळी सगळं रोजच्यासारखं पाहिजे. तीच लाकडं, तेवढीच कोळंबी, आणि नेहमीची माणसं आपापल्या चुलीवर. कोणाच्या जागी दुसरं कोणी नको. एकेकाचा जाळ घालायचा हात वेगळा असतो."

नेहमीची माणसे! त्या शब्दांचा संपूर्ण अर्थ माझ्या ध्यानात घरी पोहोचल्यावर आला. सात दिवस घरी राहिलेली मैना ओट्यावर कोथिंबीर निवडत होती आणि तिचा खोकला निम्म्यावर आलेला होता. मी तिला सर्व वृत्तांत सांगितला, फक्त शेवटची अट सांगताना माझी जीभ अडखळली.

"मंग येते की उद्या," ती म्हणाली.

"तू नको. तुझ्या जागी मी बसतो. मॅडमना काय कळणार आहे?"

"आत्ताच त्यांना सांगून आलात ना, खोटं लिवनार न्हाय म्हनून?" मैनेने काड्या सुपात टाकल्या. "आन् तुमी बसलात तं एका दिसात गावची झाडां सपवाल. भाताखाली जाल घालायचा ठावं न्हाय तुमाला."

"डॉक्टर काय म्हणाले ते विसरलीस?"

"धा दिवसाचा धूर. एकवीस वर्सं खाल्लाय, आनिक धा दिस काय जड हाय? पन तुमी त्या काट्यापाशी उबं राहून माज्याकडं सारकं बगू नका. मला हसू येतं, आन् हसले का खोकला येतो."

ती दहा दिवसांची मोजणी मी कशी केली ते माझे मला ठाऊक. बारा चुली पेटल्या. चुना पहिल्याच दिवशी काळा पडला. ओल्या झावळ्यांचा पिवळट धूर पत्र्याखाली तुंबून राही आणि बायका पदराने डोळे पुसत. मी सकाळी एकेका चुलीची मोळी टांगे, काट्यावरील आकडा वाचे आणि तो कागदावर उतरवेपर्यंत सातव्या चुलीकडून खोकला ऐकू येई, की आकडा मनातून निसटून जाई. पुन्हा मोळी टांगावी लागे. चौथ्या दिवशी मैना भिंतीला टेकून उभी राहिली व बराच वेळ खाली बसलीच नाही. मी हातातील मोळी टाकून धावलो.

"लांब व्हा," ती धापा टाकीत म्हणाली. "मोली परत तोला, आर्दी खाली सांडली."

"भिकूदादा," भागुबाई ओरडल्या, "बायकोला बगायचं तं घरी बग, हितं काटा बग!"

शेडीत हशा पिकला आणि मैनाही हसली, आणि हसल्यामुळे अधिक खोकली. मी जाऊन काट्यापाशी उभा राहिलो. पळून जावे असे पायांना वाटत होते, आणि पाय जागचे हलत नव्हते. त्या दिवसाचा सातव्या चुलीचा आकडा सर्वांत कमी आहे, कारण ती एक तास उभी होती. तो मी तसाच लिहिला आणि त्यापुढे कारणही लिहिले.

दहाव्या दिवशी मॅडमनी कागद नेले. जुने सात दिवस आणि माझी कबुलीही त्यांनी अर्जासोबत जोडली. अर्ज मुदतीत पोहोचला, परंतु पाचांत आमचे नाव येईल की नाही हे वैशाखापूर्वी कळणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. "संशोधनाला पैसे मागणारे खूप आहेत, काका. मी खोटी आशा देत नाही."

अकराव्या दिवशी सकाळी मला वाटले, आज तरी घरात शांतता नांदेल. तोच मैना डोक्याला फडके गुंडाळून दारात उभी.

"आता कुठे? मोजणी संपली," मी म्हणालो.

"मोजनी सपली. कोलंबी न्हाय सपली. होड्या आल्यात."

मी चप्पल घातली आणि तिच्यामागून निघालो. शेडीत पोहोचल्यावर तिने फुंकणी उचलली, ती मी तिच्या हातातून काढून घेतली.

"आता कसला कागद नाही," मी म्हणालो. "माझ्या हाताने दुप्पट लाकूड जळले तरी कोणाचा आकडा चुकत नाही. तू वाऱ्याच्या बाजूस बाहेर बसून सोल."

 ती टोपली उचलून शेडीबाहेरच्या ओट्याच्या कडेला, जेथे समुद्रावरचा वारा सरळ येतो, तेथे जाऊन बसली.

मी सातव्या चुलीपुढे मांडी घातली, झावळीचा देठ आत सारला आणि फुंकर घातली. सारा धूर माझ्याच तोंडावर आला. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. किशोरी म्हणाली, "भागुआजी, वाचनालय पेटलं बग!" बायका खदखदून हसू लागल्या. मैना बाहेरून ओरडली, "अवो, देठ आडवा घाला, उबा न्हाय! आन् लांबून फुका!"

मी देठ आडवा घातला. जाळ धरला. डोळे पुसून मी बाहेर पाहिले, तेव्हा ती कोळंबी सोलत होती. ती खोकते की नाही हे ऐकण्यासाठी मी कान देत होतो, परंतु पातेल्यातील पाणी आता मोठ्याने उकळू लागले होते.