आमच्याकडे कोणाला फेल करत नाहीत

मित्रांनो, मी तारणहार आहे. बुडणाऱ्याला वर काढणे, यासाठीच माझा जन्म झाला. निदान माझ्या पाठीवरच्या पट्टीवर रीताने बॉलपेनने 'बचाव' असे लिहिले आहे. बाकी मी एक जुना, पाचशे बारा एमबीचा पेनड्राइव्ह आहे. माझे टोपण हरवले आहे आणि आजवर मी कोणालाही वाचवलेले नाही.

एका बियाणे कंपनीच्या मेळाव्यात मी वाटला गेलो. पाहुण्यांना शाल मिळाली, शेतकऱ्यांना मी. माझा आकार धानाच्या पोत्यासारखा आहे, त्यामुळे मी कोणत्याच कॉम्प्युटरमध्ये धड बसत नाही. हिंडत हिंडत मी लाखनीला, हायवेलगतच्या रीताच्या दुकानात आलो. तिथे झेरॉक्स निघते, फॉर्म भरले जातात आणि कॉम्प्युटर दुरुस्त होतात. ट्रक गेला की दुकानातले सगळे स्क्रीन हलतात. ड्रॉवरमध्ये मी सहा वर्षे काढली. खरे सांगायचे तर ती माझी सुखाची वर्षे होती.

मग एका सकाळी सेवकराम गुरुजी आले. दोन बस बदलून आले. मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर होता, आजारी नातवाला आणावे तसा. गुरुजींचे गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेले. गाव उठले तेव्हा त्यांनी ट्रॉलीत शाळेची घंटा घेतली आणि घराची दारे विसरले. पुढे नव्या वस्तीत त्यांनी आई गोदावरीबाईला माइकसमोर बसवले आणि जुन्या गावातली एकेक बांधी, म्हणजे धानाचे एकेक बांधलेले शेत, तिच्या तोंडून नोंदवून घेतले. प्रत्येक बांधीला नाव होते. ते का पडले, तिथे कोण भांडले, कोण रडले, सगळे तिने सांगितले. त्रेसष्ट बांध्या, त्रेसष्ट फाइली. म्हातारी दोन वर्षांपूर्वी गेली. आता कॉम्प्युटर सुरू होत नव्हता.

"दुसरीकडे कॉपी नाही ठेवली, गुरुजी?" रीताने विचारले. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

"आपल्या घरी कॉपी चालत नाही," गुरुजी म्हणाले. बत्तीस वर्षे पोरांच्या खिशातून कॉप्या काढलेला माणूस, तो दुसरे काय बोलणार?

रीताने मला ड्रॉवरमधून काढले. मोठे पेनड्राइव्ह सगळे लग्नसराईमुळे ट्रॅक्टरवरच्या गाण्यांच्या ड्युटीवर होते. कॉम्प्युटर स्वतःच्या पायावर उठत नसेल, तर बाहेरून एक छोटी लिनक्स यंत्रणा लावून त्याला उठवतात आणि त्याच्या पोटातल्या फाइली काढून घेतात. ही यंत्रणा माझ्यात मावायला हवी होती. म्हणजे कोणते प्रोग्रॅम घ्यायचे आणि कोणते सोडायचे, ते ठरवणे आले. शेजारचे पंक्चरवाले सोमाजी खुर्ची ओढून बसले. ठरवायचे म्हटले की आपल्याकडे तीन माणसे लागतातच.

"प्रिंटरचा प्रोग्रॅम काढते," रीता म्हणाली. "इंटरनेटचाबी काढते. जागा लहान आहे."

"पत्त्याचा खेळ राहू दे," सोमाजी म्हणाले.

"काका, हे बचावासाठी आहे."

"बचाव होईपर्यंत मानसानं का करावं मंग?"

प्रश्न बिनतोड होता. पत्ते घेतले.

"मराठी अक्षरं पायजेत," गुरुजी म्हणाले. "फाइलीची नावं मराठीत आहेत. नाही त नुसते चौकोन दिसतीन. माय का चौकोन होती?"

मराठी अक्षरे घेतली. मग रीताचे बोट यादीतल्या एका नावावर थांबले. "हा प्रोग्रॅम मात्र ठेवाच लागते, गुरुजी. डिस्क फेल होऊन राहिली असन त..."

गुरुजींनी चष्मा काढला. मित्रांनो, माझ्या आयुष्याचा निकाल त्या क्षणी लागला.

"फेल? कोन म्हनते फेल?"

"तसं नाही, गुरुजी. ह्या प्रोग्रॅमच्या माहितीत लिवलं आहे. फेल होनाऱ्या डिस्कसाठी."

"बत्तीस वर्सं शिकवलं मी. एका लेकराले फेल नाही केलं. तुले गनितात नऊ मार्क होते. तुले केलं का फेल?"

रीता सोमाजींकडे बघायला लागली. सोमाजी हायवेकडे बघायला लागले.

"नाही, गुरुजी."

"मंग? बिमार आहे म्हन. कमजोर आहे म्हन. फेल म्हनाचं नाही. काढ तो."

नऊ मार्कांचे ओझे मोठे असते. रीताने तो काढला. "साधी कॉपी करनारा आहेच," ती पुटपुटली. "आनि अक्षरायलेबी जागा लागते." शेवटी तिने माझ्या पाठीवर 'बचाव' लिहिले. मी फुशारलो. असे कौतुक माझे ना आधी झाले होते, ना नंतर झाले.

मला कॉम्प्युटरमध्ये खुपसले. तो उठला. स्क्रीनवर यादी आली, सुंदर, वळणदार मराठीत. लंगडी बांधी. सासूची बांधी. चिंचेखालची बांधी. रुसव्याची बांधी. त्रेसष्टच्या त्रेसष्ट. गुरुजी एकेक नाव मोठ्याने वाचत गेले, हजेरी घ्यावी तसे. रीताने दुकानातल्या मोठ्या डिस्कवर कॉपी सुरू केली.

साधी कॉपी करणारा प्रोग्रॅम स्वभावाने सरळ असतो. पहिली फाइल अर्ध्यावर अडली, तो तिथेच थांबला. तोच तुकडा पुन्हा वाचायला गेला. पुन्हा अडला. पुन्हा गेला. डिस्क टकटक करू लागली. सोमाजींनी पत्त्यांचा एक डाव जिंकला. दुपारी टकटक थांबली आणि यादीही गेली.

"तो काढलेला प्रोग्रॅम का करत होता?" गुरुजींनी विचारले.

"जिथं अडते ते सोडून पुढं जाते, गुरुजी. सोपं सोपं आधी काढून घेते. अवघड शेवटी."

गुरुजी तिच्याकडे पाहत राहिले. "पोरी, पेपर असाच सोडवाचा असते, हे त मीच शिकवलं होतं तुले."

"हो."

"मंग असं सांगाचं ना."

रीताने डिस्क नागपूरला नेली. तिथल्या माणसाने ती कानाला लावली आणि परत दिली.

आता नावे गुरुजींना तोंडपाठ आहेत. रुसव्याची बांधी, हे ते सांगतात. तिथे कोण रुसले होते, हे त्यांना सांगता येत नाही. "माय सांगत होती तवा मी मशीनवरचा आवाजाचा काटा पाहत होतो," असे ते एकदा सोमाजींना म्हणाले. सोमाजींनी चहा मागवला.

मित्रांनो, माझ्यासारख्याकडून तुम्ही काय शिकणार? तरी सांगतो. परीक्षा सोडून सगळीकडे कॉपी करा. म्हातारी माणसे बोलत असताना काट्याकडे पाहू नका. आणि कोणी फेल होत असेल, तर वेळेवर तसे म्हणा. हे ऐकून कोणी सुधारेल असे मला वाटत नाही. मी पुन्हा ड्रॉवरमध्ये आहे. पत्ते अजून उत्तम चालतात.

तो काढून टाकलेला प्रोग्रॅम अर्ध्या एमबीचाही नव्हता. माझ्यात त्या दिवशी एक्केचाळीस एमबी जागा रिकामी होती. अजून आहे.