डोक्याचा फोटो

“मुंग्या हाताले, अन् फोटो डोक्याचा काहून काढून राहिले वो?” मशीनवर निजता निजता आईने मला विचारलं. सत्त्याऐंशी साली असं मशीन गाठायचं म्हणजे आम्हाला नागपूरच.

माझी आई देवकाबाई, वय अडुसष्ट. आठ महिन्यांपासून तिच्या कातडीखाली मुंग्या चालत होत्या. दिसत कोणालाच नव्हत्या. गावी, रामाकोन्याला, माझ्या भावाने, गुणवंताने, आधी संत्र्याच्या झाडांना मारायची पावडर तिच्या गादीवर टाकली. अहो, गादीवर! मुंग्या राहिल्या तिथेच, आईच्या अंगावर मात्र फोड उठले. मग तो म्हणाला, “नाटकं करून राहिली म्हातारी,” आणि तिची गादी गोठ्यात गेली. जिने उभा जन्म त्याच्या बागेत घाम गाळला, तिची!

मी सौंसरच्या शाळेत शिकवते. मी तरी काय दिवे लावले? “मनाचे खेळ हायेत माय, देवाचं नाव घे,” म्हणून मोकळी झाले. फोड पाहिले तेव्हा लाज वाटली, म्हणून तिला नागपूरला आणलं.

डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरली. मेंदूत लहानसा काळा डाग होता. ते म्हणाले, “रक्त न पोचल्यामुळे एवढा भाग मेलाय. मुंग्या यामुळेच जाणवत असाव्यात. बाई खोटं बोलत नाहीत.”

रामाकोन्याला परतलो. आई सरळ गोठ्यात जाऊन बसली. गुणवंताने फिल्म उन्हात धरली, शेजारच्या नत्थूजींनाही दाखवली. “पाहा बाप्पा, खरंच हाये!”

माझं डोकंच फिरलं. आठ महिने जितं माणूस रडून सांगत होतं ते खोटं, आणि हा काळा कागद खरा?

गुणवंता गोठ्यात आईच्या पायाशी बसला. “चाल माय, घरात चाल. चुकलं माह्यं. आता फोटूत दिसलं न.”

आई दंड खाजवत त्याच्याकडे पाहत राहिली.

“अन् फोटूत नसतं दिसलं तं?”

तो फिल्म पाकिटात सारू लागला.

लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये, असं मानणारी ही बाई. सौंसरला माझ्याकडे यायची तेव्हा आपली भाकर बांधून आणायची. तिने गादी गुंडाळली, काखेत मारली.

“मीना, चाल. सौंसरची गाडी निघून जाईन.”