हरेश डॉक्टरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा

टोकावड्याला कुणाचाही वाढदिवस असला की नाक्यावर फ्लेक्स लागतो. हरेश डॉक्टरांचा मी लावला. तोही त्यांच्या दवाखान्याच्या अगदी समोर, बाजाराच्या दिवशी. वर त्यांचा हसरा फोटो, खाली माझं कार्ड, मोठं करून छापलेलं.

मला मायस्थेनिया आहे. या आजारात स्नायूंना जोर राहत नाही. पापण्या गळतात, घास गिळवत नाही, आणि नको ते औषध पोटात किंवा अंगात गेलं तर श्वासही अडकतो. म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी टाळायच्या औषधांचं कार्ड दिलेलं. दिवाळीनंतर लघवीची जळजळ होऊन ताप आला, तेव्हा ते मी हरेश डॉक्टरांच्या हातात ठेवलं. त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

“कागद बघून इलाज करायचा तर मी कशाला बसलोय गो?” असं म्हणून त्यांनी सुई मारली.

संध्याकाळी मला थुंकी गिळता येईना. दिराने, पंकजने, जीपमध्ये घालून कल्याणला नेलं. तिथे विचारलं, कुठली सुई? आम्हाला काय ठाऊक! आमच्याकडे सुई घेतात, तिचं नाव कुणी विचारत नाही. पंकजने गावी फोन करून दवाखान्याच्या कचऱ्यातली बाटली शोधायला लावली. जेंटामायसिन. कार्डावरचं पहिलंच नाव. अकरा दिवस मशीनने श्वास दिला. घशात नळी होती, पण मनातल्या मनात शिव्या देता येत होत्या, आणि त्या मी पोटभर दिल्या.

फ्लेक्स बघून हरेश डॉक्टर धावत बाहेर आले. “रंजना, उतरव ते. लोक हसतायत.”

“उतरवते. आधी मोठ्यानं वाचा. चार ओळी वाचल्या की माझा आवाज बसतो.”

सुईसाठी ओसरीवर बसलेली वीसेक माणसं बघत होती. डॉक्टर वाचू लागले. कपाळावर घाम आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

“हे मला ठाऊक नव्हतं,” ते पुटपुटले.

“ठाऊक नसंल. पण हातात व्हतं.”

रांगेत पहिली धोंडूबाई होती, दंडावरची बाही वर सरकवून. तिने ती खाली ओढली.

“डॉक्टर, माज्या सुईचं नाव काय रं?”

डॉक्टरांनी सांगितलं.

“लिवून दे,” ती म्हणाली.

तिच्यामागच्या विठूनेही हात पुढे केला, कागदासाठी.